हाफ्नियमचा आकडा

"खालच्या घरात उतरलं की घेर वाढतो, पोरी. पण सगळीकडे नाही हं!"

मोठ्या बाईंचा हा आवाज नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला. प्रयोगशाळेतल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून त्या जवळजवळ गातच सांगायच्या:

चौदा जणी आल्या, आतल्या घरी बसल्या,
पदर पुरेना बाई, भिंती आत ओढल्या.

मग हसून म्हणायच्या, "झिर्कोनियमच्या खाली असूनही हाफ्नियम त्याच्याएवढंच राहिलं, ते यामुळं. मधल्या लँथेनाइड मूलद्रव्यांमध्ये चौदा इलेक्ट्रॉन आत शिरले, पण अणूच्या गाभ्याची ओढ काही त्यांना अडवता आली नाही, म्हणून घेर आकसला. आता ही जुळी भावंडं. एकाला बोलवावं, तर दुसरं हटकून सोबत येतं."

आमचं काम होतं, या जुळ्यांची ताटातूट करून धाकट्याला, म्हणजे हाफ्नियमला, मोजायचं. अणुभट्टीसाठीच्या झिर्कोनियमच्या नळ्यांना हाफ्नियम नावालाही चालत नाही. ते न्यूट्रॉन गिळून बसतं. म्हणून प्रत्येक नमुना फनेलमध्ये द्रावक घालून सात वेळा घुसळायचा, सात वेळा थर वेगळे करायचे. दिवस जातो, दंड भरून येतात.

त्या मंगळवारी पाचव्या खेपेला फनेलची तोटी माझ्या हातून उघडी राहिली. खालचा थर सिंकमध्ये गेला. नवा नमुना मागवायचा, तर कारण सांगावं लागणार. मी मागच्या मालाचा आकडा लिहून टाकला. म्हटलं, धातू तोच, खाण तीच, फरक पडून पडून किती पडणार? बाईंनी कागदावर नजरही न टाकता सही केली. माझ्यावर भरवसा होता ना.

महिन्याभरानं, धातू वितळवून नळ्या करणारे भट्टीवाले काका दारात उभे.

"बाई, नळ्या परत आल्या. गिऱ्हाइकाच्या तपासणीत हाफ्नियम मर्यादेच्या चौपट निघालं. तुमचं धाकटं भावंड आमच्याकडे पाहुणचार झोडत बसलं होतं की!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझी, काका. पद्धत मी बसवलेली, पोरीला शिकवलेलीही मीच. थराची रेघ तिला दाखवताना माझे डोळे पुरले नसतील. आजपासून माझी सही नको."

"अहो, असं काय करता? तीस वर्षांत एकदा झालं…"

"एकदाच पुरे असतं."

मी एक धुतलेला चंबू पुन्हा धूत होते. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं होतं. तेवढ्यात बाई उठून माझ्यापाशी आल्या, ओल्या हातावर हात ठेवला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस गं. शिकवणारीच चुकली."

थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं. हा हात सोसवेना. मी नळ बंद केला.

"बाई, तुमचे डोळे शाबूत आहेत," मी म्हटलं. काकांनाही ऐकू जाईल, एवढ्या आवाजात. "तो नमुना मी सांडला. हाफ्नियम मी मोजलंच नाही."