तारेला बांधलेल्या पताका

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्समीटर आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. साताऱ्याच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षे कपाटावर गप्प बसून आहे. आज मला बोलू द्या.

माझे कूळ मोठे आहे. माझे पणजोबा ठिणगीवर चालत. कळ दाबली की धातूच्या दोन गोळ्यांमध्ये कडाडून ठिणगी उडे; आवाज असा की जवळची माणसे कानात बोटे घालत. पण घरातल्या ठिणगीला कोण विचारतो? तिचा संदेश बाहेर नेणारी तार उंच हवी, लांब हवी आणि कशालाही टेकलेली नको. हे शिकायला शहाण्या माणसांनी उंच खांब उभारले, पतंगांना तारा बांधून उडवल्या. पुढे ठिणगी गेली, काचेचे व्हॉल्व्ह आले. माझ्या पोटात तसे तीन आहेत. त्या तारेची, म्हणजे एरियलची, गरज मात्र तशीच राहिली.

१९७३च्या दुष्काळात, लष्कराने जुना म्हणून काढून टाकलेल्या मला आटपाडीजवळच्या गुरांच्या छावणीवर आणले. माझ्याबरोबर जोतीराम आला. साताऱ्याकडचा गडी, पलटणीत पंधरा वर्षे सिग्नलवर काढून निवृत्त झालेला. त्याने दोन उंच बांबूंवर तांब्याची तार ताणली. माझी वीज जमिनीत उतरू नये म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी लावले. रोज सकाळी सातला तो माझी कळ वाजवून सांगलीला कळवी, जनावरे किती आणि चारा किती हवा. तो निरोप पोहोचला तरच इस्लामपूरकडून उसाच्या वाढ्यांचे ट्रक सुटत. छावणीत फोन नव्हता. नऊशे जनावरांचा चारा माझ्या एका तारेवर होता.

त्यांत धोंडुबाईची गाभण खिलार गाय होती. धोंडुबाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला. पण मेंढरे दुष्काळात विकून झाली होती, उरली होती ती ही गाय. रोज सकाळी धोंडुबाई माझ्या तंबूच्या दाराशी येऊन जोतीरामला विचारी, "झालं का रं बोलून तुज्या यंत्राचं?" जोतीरामने मान हलवली की मगच ती गाईकडे जाई. मला त्या बाईचा फार लोभ होता.

मे महिन्यात छावणी पाहायला मोठे पाहुणे येणार असे ठरले. जोतीराम बॅटरी भरून आणायला विट्याला गेला होता. छावणीचे व्यवस्थापक बाळासो मुख्य दारापाशी उभे राहून गड्यांना म्हणाले, "पताकांना दोरी कशाला हुडकताय? ती तार आयती हाय की. लय उटून दिसंल."

झाले! माझी तार खाली उतरली. मणी काढून फेकले. माझ्याशी जोडलेली असतानाच ती दाराच्या दोन लोखंडी खांबांना करकचून बांधली आणि तिच्यावर रंगीत कागद आणि आंब्याचे डहाळे लोंबू लागले.

संध्याकाळी जोतीरामने येऊन ते पाहिले. "सायेब, लोखंडाला तार टेकली की समदी पॉवर जमिनीत जाती. सांगलीला काय बी ऐकू जायाचं न्हाई."

"पावणं येऊन जाऊ द्या, मग सोडा. माजी ऑर्डर हाय."

ऑर्डर! तो शब्द कानावर पडताच जोतीरामने टाचा जुळवल्या आणि तो तंबूत परतला. मला तोंड असते तर मी तिथेच किंचाळलो असतो.

पाहुणे दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जोतीराम दोन्ही सकाळी कळ वाजवत बसला. सांगलीहून उत्तर नाही. ट्रक आले नाहीत. जनावरे दावी चघळू लागली. धोंडुबाईची गाय आधीच हाडांचा सापळा झालेली. ती बसली ती उठलीच नाही.

धोंडुबाई तंबूपाशी आली. ती रडत नव्हती. "आरं, तू पलटणीतला," ती म्हणाली. "तार सोडाया तुला कुणाची परवानगी पायजे हुती? मला सांगायचं हुतंस. खुरप्यानं तोडल्या असत्या मी पताका."

जोतीरामने तेव्हा पताका ओरबाडल्या, मणी शोधले आणि तार वर चढवली. माझा निरोप पहिल्याच वेळेला सांगलीला पोहोचला. दुसऱ्या दिवशी ट्रक आले. माझ्यात काडीचा बिघाड नव्हता, हे सगळ्या छावणीने पाहिले.

मग पाहुणे आले. चारा का थांबला, असे त्यांनी विचारले. बाळासोंनी कागदावर लिहिले, "यंत्र नादुरुस्त." खाली सही कोणाची? जोतीरामची! बाळासोंना तारेतले काही कळत नव्हते. ज्याला सगळे कळत होते त्याने सही केली, म्हणून माझा जास्त राग त्याच्यावर आहे.

तो कागद माझ्या पाठीवर डिंकाने चिकटवला आणि मला इथे धाडले. दरवर्षी गुरुजी तो मोठ्याने वाचतात आणि मुले हसतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. एखादे यंत्र गप्प झाले तर आधी त्याची तार कुठे बांधली आहे ते पाहा. चुकीच्या जागी बांधलेली दिसली तर सोडा, कोणाची ऑर्डर असो. आणि माझ्यासाठी एवढेच करा. तो कागद पाण्याने भिजवून काढून टाका. धोंडुबाईची गाय मी मारलेली नाही.