घाटकोपरच्या खांबाचा माथा

रुचिराच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. पवईच्या त्या डिझाइन ऑफिसात पुलांच्या खांबांचे माथे, ज्यांवर रस्ता टेकतो ते, इतकी वर्षं तीच हाताने कागदावर सोडवत आली होती. काँक्रीटमधून दाब जातो तिथे तुटक रेघा, ताण जातो तिथे सलग रेघा, आणि सलग रेघेवर सळया. एका माथ्याला तिला दोन दिवस लागत. गेल्या वर्षी आलेली चेतना सॉफ्टवेअरमध्ये भार घालायची आणि चहा निवायच्या आत तेच चित्र पडद्यावर उभं करायची.

आता घाटकोपरच्या उड्डाणपुलाचं काम दोघींपैकी कोणाला द्यायचं, ते मार्तंड सर ठरवणार होते. त्या पुलाचा चेतनाने नमुन्यादाखल केलेला पहिला माथा तपासायला त्यांनी रुचिराकडेच दिला. तिने तपासला कसला, कोळूनच प्याली ती. आणि सापडलं! उजवीकडचा भार कमी धरला होता, म्हणजे वरच्या सळया अपुऱ्या. आयतं कोलीत हाती लागलं. चेतनाच्या कानावर घालायचं सोडून बाईंनी ते थेट मीटिंगमध्ये काढलं.

"सर, भारांच्या सुधारित तक्त्यात हा भार वाढलाय. हिने जुनाच धरलाय."

"तक्ता कुठून घेतलास?" सरांनी चेतनाला विचारलं.

तेव्हा कुठे रुचिराला आठवलं. जुना तक्ता तिनेच चेतनाला पाठवला होता. सुधारित आला, तेव्हा 'पाठवू, तिला कसली घाई' म्हणून ठेवला, तो राहूनच गेला. ती समोरच्या कागदावरच्या सळया मोजू लागली.

चेतनाने एकदा तिच्याकडे पाहिलं. "माझंच चुकलं, सर." तिने तिथेच लॅपटॉपवर नवा आकडा घातला. वरची सलग रेघ जाड झाली, सळया वाढल्या.

"एवढ्यात झालं?" सर खूश झाले. "मग घाटकोपर तूच सांभाळ. रुचिरा, तपासणी झकास हं."

जिन्यात रुचिराने तिला गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"अगं, तुझी वाट लागली असती ना! माझं काय, आकडाच तर बदलायचा होता. चल, कटिंग मारू."

रुचिरा गेली नाही. ही पोरगी जरा तरी वाईट असायला हवी होती, असं तिला वाटलं. निदान मनापासून शिव्या तरी देता आल्या असत्या.