उष्टा मोबाइल

नई सडकेवरची आमची दोन दुकानं एक झाली ती कंपनीच्या पत्रामुळे. मुकुंदकाका कॉम्प्युटर आणि प्रिंटर विकायचे, शेजारचे रमाकांतकाका दुकानदारांना बिलं करायचं सॉफ्टवेअर द्यायचे. गिऱ्हाईक दोघांचं तेच, आमच्या शहरातल्या लष्कर भागातले छोटे दुकानदार. दोघांना माल देणाऱ्या कंपनीनं लिहिलं, एका नावाखाली या, नाहीतर डीलरशिप दुसरीकडे जाईल. मग मधली भिंत पडली, पाटी बदलली, आणि दोघे मालक एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोन वेगवेगळ्या टपऱ्यांवरून चहा मागवू लागले.

मी तक्रारींचे फोन घेते. माझी दुर्गा अकरा महिन्यांची. ती माझ्या टेबलाशेजारी मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यात गोधडीवर बसलेली असते. खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं छापलंय, आणि माझी लेक बहुतेक वेळा ते पाळते.

पत्रातली दुसरी ओळ माझ्यासाठी होती. तक्रारींचं टेबल बंद करून सगळे फोन गुरगावच्या कॉल सेंटरला द्यायचे. भोपाळहून साहेब येतील, एक दिवस काम बघतील आणि ठरवतील. मला दुसरी नोकरी मिळालीही असती. पण खोक्यासकट कोण ठेवून घेणार होतं मला?

साहेब यायचे होते ते नेमके खंडेनवमीला. कंपनीच्या कॅलेंडरात तो दिवस कोरा होता.

मुकुंदकाकांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतले. तलवारी कधीच्या गेल्या, तेव्हा ते कॉम्प्युटरांनाच शस्त्र मानून हळदकुंकू वाहतात. आणि पूजा झालेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. रमाकांतकाकांकडे त्या दिवशी सरस्वती. पुस्तकं, पेनं आणि सॉफ्टवेअरच्या सीड्या पाटावर. कॉम्प्युटर त्यांच्या लेखी फर्निचर, म्हणून त्यांच्याकडे काम चालू असायचं. आजवर खंडेनवमीला आमचं अडलं की आम्ही शेजारी पळायचो.

यंदा शेजारच नव्हता. एक दुकान, म्हणून एक पूजा. दोघांनी एकमेकांचा मान राखत सगळंच पाटावर मांडलं, आणि नऊ वाजता लक्षात आलं की दुकानात हात लावण्यासारखं काही उरलेलं नाही. स्टेपलरलासुद्धा झेंडू वाहिला होता.

"राजलक्ष्मी, तुझा मोबाइल आण," मुकुंदकाका म्हणाले.

मोबाइल दुर्गाच्या तोंडात होता. मी तो काढून पदराला पुसला आणि पुढे केला. काका एक पाऊल मागे सरले.

"उष्टा आहे हा."

"धुवून चालेल की," रमाकांतकाका म्हणाले.

"मोबाइल धुवायचा?" मुकुंदकाकांनी विचारलं.

"मग राहू द्या. उष्टं देवाला कसं ठेवणार?"

दहाला साहेब आले. हिंदी बोलणारे, इस्त्रीचे, काखेत लॅपटॉप. मुकुंदकाकांनी "आइए साब, आज के दिन आए, भाग हमारे" म्हणत तो लॅपटॉप काखेतून काढून घेतला, पाटावर ठेवला आणि झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं. साहेबांनी भिडेखातर नमस्कारही केला. नियम त्यांना नंतर कळला.

"कब तक?"

"कल तक."

"और मेरी रिपोर्ट?"

"परसों से एकदम फर्स्ट क्लास," रमाकांतकाका म्हणाले. "कल तो दसरे की छुट्टी है."

साहेब खुर्चीत बसले. दोन टोकांकडून दोन चहा आले. कुणाचा आधी घ्यावा हे न कळून त्यांनी दोन्ही हातांत दोन कप धरले, आणि मग त्यांना पिताच येईना. हा माणूस टेबलाचं काम बघायला आला होता आणि टेबलावर झेंडू पडले होते.

तेवढ्यात उष्टा मोबाइल वाजला. माधवगंजच्या सुलोचनाबाई. त्या लोणची-पापड करतात, बरण्यांची लेबलं घरीच छापतात.

"राजी, मेला प्रिंटर कर्रकर्र करतोय गं."

"पूजा झाली का?"

"झाली. मग आमच्यात एक कागद श्री लिहून छापतात, तो अर्धाच आला."

"अक्षता कुठे वाहिल्यात?"

"कुठे म्हणजे? वरून."

"कागद घालतो त्या फटीत?"

"ती फट आहे होय? मला वाटलं तोंड आहे."

साहेबांनी दोन्ही कप खाली ठेवले. "क्या प्रॉब्लेम है?"

"प्रिंटर में चावल गए हैं, सर."

"चूहा?"

"नहीं सर, पूजा."

साहेब सावरून बसले. "एक काम कीजिए. इनको गुरगाव से जोड़िए. देखते हैं वो कैसे हैंडल करते हैं."

नाही कसं म्हणणार? मी बाईंना गुरगावशी जोडून स्पीकर लावला. दुर्गा स्पीकरकडे झेपावली, तिला मी कडेवर घेतलं. तिकडची मुलगी गोड आवाजाची होती.

"मैम, प्रिंटर में चावल किसने डाले?"

"मैंने."

"क्यों, मैम?"

"क्यों म्हणजे? हर साल डालती हूँ."

"मैम, डिवाइस के पास कृपया खाने की चीज़ न रखें."

"खाने का नाही गं बाई, अक्षत है. हल्दी लगाके."

"हल्दी भी है, मैम?"

"तो क्या कोरे चढाऊँ? अशुभ नहीं होगा?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "मैम, मेरी लिस्ट में पानी है, चाय है, कीड़ा है. चावल किसमें लिखूँ?"

"तू बेटा कीड़ा मत लिख," सुलोचनाबाई चिडल्या. "राजी, ही कोण आहे? हिला घरी कुणी काही शिकवलं नाही का?"

मुलीनं विचारून सांगते म्हणत लाइनवर बासरी लावली. बासरी चार मिनिटं वाजली. तेवढ्यात माझ्या फोनवर आणखी तीन फोन येऊन गेले. मी नावं साहेबांना दाखवली. तिघांकडे तांदूळच असणार होते, दरवर्षी असतात.

साहेबांनी हातानंच खूण केली, तोडा. मी बासरी तोडली.

"सुलोचनाबाई, वायर काढा. प्रिंटर उचला, कागदाची फट खाली करून परातीवर धरा. हलवा. हळू, बाळाला ढेकर काढतो ना, तसं पाठीवर थोपटा."

परातीत तांदूळ पडल्याचा आवाज सगळ्या दुकानानं ऐकला. मग प्रिंटर घरघरला आणि बाई म्हणाल्या, "श्री आला. जरा पिवळा आलाय."

"पिवळा शुभच," मी म्हटलं.

साहेबांनी खिशात पेन शोधलं. ते मघाशीच रमाकांतकाकांनी मागून घेतलं होतं, सरस्वतीपुढे होतं. तेव्हा त्यांनी रिकामा हात गुडघ्यावर ठेवला आणि मला विचारलं, "ऐसे कितने आते हैं आज?"

"वीस-पंचवीस, सर. गणपतीला दूर्वा निघतात. संक्रांतीला तीळ, पण ते बारीक, निघता निघत नाहीत."

साहेब दोन्ही मालकांना म्हणाले, "इनका टेबल यहीं रहेगा. गुरगाव को मैं ये सब समझा नहीं सकता." माझ्या कडेवरून दुर्गा त्यांच्या टायपर्यंत पोचली होती. त्यांनी टाय सोडवून घेतला नाही, थोडे पुढे वाकले.

दिवाळीआधी लेखी पत्र आलं. तक्रारींचं टेबल कायम. कारणाच्या रकान्यात 'स्थानिक परिस्थिती' असं होतं. मुकुंदकाकांनी ते दोनदा वाचलं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवलं आणि प्रथमच एकाच टपरीवरून तीन चहा सांगितले.