कॅलेंडरावरचं हसू

पंचशीलाच्या वर्गात पहिल्या रविवारी कुणालाच फोटो काढायला मिळत नसे. बिदरच्या बुद्धविहाराच्या माडीवरची लांबोडकी खोली, खाली सतरंजी, आणि सात-आठ मोठी माणसं हातात कॅमेरे धरून नुसती उभी. डावा तळहात लेन्सच्या खाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, एक पाय जरा पुढं. पंचशीला एकेकाच्या मागून जाई, बाहेर आलेलं कोपर बोटानं आत ढकली आणि म्हणे, "भिंतीगत उभं ऱ्हावा. श्वास घ्या, अर्धा सोडा, मग बटण दाबा. हिसडा न्हाई मारायचा." दुसऱ्या रविवारी ती सगळ्यांच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर काळी पट्टी चिकटवी. काढला फोटो की लगेच वाकून बघायची सवय तिला मोडायची असे.

हे सगळं ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. अठरा वर्षं एका स्टुडिओत काढली होती. पोरांचे ओळखपत्राचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे, लग्न ठरवायला पाठवायचे. माणसं पावडर लावून येत, स्टुलावर बसत आणि श्वास रोखून दगड होत. "हनुवटी जरा खाली, अक्का. खांदे सैल सोडा," असं दिवसातून शंभरदा म्हणून तिचा घसा बसे. मग मोबाइल आले, स्टुडिओचं शटर खाली आलं, आणि विहारात येणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या प्रेरणाच्या आग्रहावरून त्रेचाळिसाव्या वर्षी पंचशीला मास्तरीण झाली.

वर्गात सगळ्यांत भारी कॅमेरा धनराजचा. हुमनाबादला त्याचं बी-खताचं मोठं दुकान. पन्नाशीचा, गोरापान, बोलायला मात्र अगदी लाजरा. दर रविवारी गाडी हाकत बिदरला यायचा, मागं बसायचा आणि सांगितलेलं सगळं वहीत लिहून घ्यायचा. किल्ल्याचे, मदरशाच्या मिनाराचे, तळ्यावरच्या बगळ्यांचे त्याचे फोटो सुरेख येत. माणसाचा एकही नसे.

"माणसं कामून न्हाईत तुमच्या फोटोत?" पंचशीलानं एकदा विचारलं.

"मॅडम, लाज वाटती. कसं विचारायचं कुणाला, तुमचा फोटो काढू का म्हणून?"

म्हणून चौथ्या रविवारी तिनं वर्ग हुमनाबादच्या बसस्टँडवर नेला. नोव्हेंबर उतरणीला लागला होता, सकाळची उन्हं कोवळी होती. नियम तिनं आधीच सांगितला: आधी कॅमेरा खाली, मग तोंडानं विचारायचं, हो म्हणाले तरच वर. सगळे पांगले. कुणी लॉरीवाल्याशी बोललं, कुणी चहाच्या गाड्यावर उभं राहिलं. धनराज मात्र त्याच्याच गावात, ओळखीच्या माणसांच्या गर्दीत, एका खांबाआड गेला आणि लांबची लेन्स लावून बसला.

पुढच्या रविवारी प्रोजेक्टरवरून वर्गाच्या भिंतीवर त्यानं काढलेला फोटो उमटला तेव्हा मागचे सगळे पुढं सरकले. पेरूची पाटी पुढ्यात घेऊन बसलेली तिशी-पस्तिशीची एक बाई. तोंडावर उलटी मूठ धरायला हात निघालेला, पण हसू त्याच्या आधी फुटलेलं. मान मागं, डोळे मिटलेले, दात, हिरड्या सगळं उघडं. अठरा वर्षांत पंचशीलानं हजारो चेहरे टिपले होते, पण असं हसू तिच्या स्टुलावर एकदाही बसलं नव्हतं.

"हिला विचारलंत का?" तिनं हळूच विचारलं.

"विचारलं असतं तर हसली असती का?" धनराज म्हणाला.

हे उत्तर चुकीचं आहे, हे पंचशीलाला त्याच क्षणी कळलं होतं. पण डोळा फोटोवरून हलेना. "वर्गातला आजवरचा सगळ्यांत चांगला फोटो," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनराजचे कान लाल झाले. कॅमेरा घेतल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच त्याचं कौतुक केलं होतं.

नव्या वर्षी त्यानं दुकानाचं कॅलेंडर छापलं. गिऱ्हाइकांना तो दरसाल देई, खेड्यापाड्यांत घरोघर टांगलं जाई. यंदा वर देवाच्या जागी ती पेरूवाली होती आणि तिच्याखाली लाल अक्षरांत, 'नव्या वर्षात असंच हसत राहा!' एक प्रत त्यानं पंचशीलाला आणून दिली. तिनं ती घरी स्वयंपाकघरात लावली.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी वर्ग चालू असताना जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात गुंडाळी केलेलं कॅलेंडर. कपाळ मोकळं. पंचशीलानं तिला ओळखलं नाही. हसणारा चेहरा पन्नासदा पाहिला होता. हा चेहरा वेगळाच होता.

"हुमनाबादच्या दुकानात गेल्ते. शेठ बिदरला शिकायला गेलेत म्हनले." तिनं कॅलेंडर उलगडून पुढं धरलं. "ह्यो फोटू कुणी काढलाय?"

धनराज मागं बसला होता. त्यानं हातातल्या कॅमेऱ्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग उभा राहिला. "मी, ताई."

"मी राजूबाई. माझा नवरा राघोबा भादव्यात गेला. शेतात पान लागलं, साप चावला." ती आवाज न चढवता बोलत होती. "तुम्ही ह्यो फोटू काढला तवा मला रांडमुंड हून दोन म्हैने झालते. आता गावात घरोघर मी दात काढून हसायलेय. दीर म्हनतो, तुला लई आनंद झालेला दिसतोय. सासू नऊ दिस झाले बोलंना माझ्यासंगं. पाटी घिऊन स्टँडावर जायचं बंद केलंय मला."

कुणीतरी उठून तिला पाणी दिलं. तिनं ते हातात धरून ठेवलं.

"मला काय माहीत व्हतं…" धनराज पुटपुटला.

"म्हाईत नसतं म्हनूनच विचारायचं असतं न्हवं?" राजूबाई म्हणाली.

हेच वाक्य पंचशीला दर वर्गात शिकवत होती, आणि नेमकं हवं तेव्हा गिळून बसली होती. ती पुढं झाली. "बाई, ह्यांनी फोटो काढला, पण शाबासकी मी दिली. न विचारता काढलाय, हे मला ठावं असताना दिली. चूक आधी माझी हाय. आता आम्ही काय करावं, ते तुम्हीच सांगा."

राजूबाईनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "माझी माफी मागून काय व्हतंय? माझ्या सासूला सांगा."

त्याच दुपारी तिघं धनराजच्या गाडीतून निघाली. राजूबाई मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली होती. हुमनाबाद मागं पडलं, गाडी हमरस्ता सोडून तुरीच्या शेतांमधल्या कच्च्या वाटेला लागली. धनराज ओठ हलवत होता. काय बोलायचं, त्याची तो मनातल्या मनात उजळणी करतोय, हे पंचशीलाच्या लक्षात आलं.

राजूबाईची सासू गंगव्वा ओसरीवर सुपात तुरी निवडत बसली होती. दीर आप्पाराव बैलांना पेंढा टाकत होता. गाडी बघून हात झटकत आला. धनराज ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"मावशी, मी… म्हंजी ते कॅलेंडर… ताईंचं काय बी चुकलं न्हाई. मी लपून काढला. म्हंजी खांबामागून." वाटेत घोकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. "माफ करा."

"शेठ, तुम्ही माफी मागून लोकांची तोंडं बंद व्हतेत का?" आप्पाराव म्हणाला. "देवाच्या तिथीसाठी भिंतीकडं बघावं, तर वर ही हसायलीय."

गंगव्वानं सूप खाली ठेवलं. तिला आप्पारावकडं बघायचं नव्हतं, शेठकडंही नव्हतं. ती पंचशीलाला म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. एवढंच सांगा. माझा सोन्यासारखा लेक गेला, अन् हिला हसू कसं आलं?"

फोटोतला उजेड कुठून आलाय, मान किती कललीय, हे पंचशीलानं वर्गाला काठीनं दाखवून सांगितलं होतं. ती बाई कशाला हसली असेल, हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता. ती राजूबाईकडं वळली. "मी सुद्धा कधी विचारलं न्हाई. तुम्हीच सांगा."

राजूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्या दिशी तिप्पण्णा कंडक्टर आल्ता पेरू घ्यायला," ती म्हणाली. "ह्यांची गोष्ट सांगायलता. मागं एकदा हे पेरूची पोती घिऊन त्याच्या गाडीत बसले अन् झोपले. हुमनाबाद गेलं, गाडी जहिराबादला. तिप्पण्णानं उठवून माघारीच्या गाडीत बसवलं. तितं बी झोपले. हुमनाबाद पुन्ना गेलं, उठले ते थेट गुलबर्ग्याला! तितंच बसून समदे पेरू इकले. अन् मागनं तिप्पण्णाला हात जोडून म्हनले, माझ्या आईला सांगू नगा, तिला म्या सांगितलंय, गुलबर्ग्याला भाव चांगला व्हता म्हनून गेल्तो."

गंगव्वानं सुनेकडं पाहिलं.

"तसंच म्हनला व्हता," गंगव्वा सावकाश बोलली. "रातच्याला आला. म्हनला, अव्वा, आता गुलबर्ग्यालाच माल न्यायचा, भाव लई चांगला हाय. म्या त्याला शाना म्हनलं. भाकरीवर तूप जास्तीचं वाढलं." तिच्या ओठांचे कोपरे हलले. "लबाड कुठला." आणि मग तिनं पदर तोंडावर घेतला. ती हसतेय की रडतेय ते कळायला मार्ग नव्हता, बहुधा तिलाही कळत नसावं. राजूबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. सासूनं तिला जवळ ओढलं नाही, पण सरकलीही नाही.

आप्पाराव मात्र पुन्हा बैलांकडं गेला. जाता जाता म्हणाला, "आपल्या घरात कळलं. गावाला कुणी सांगायचं?"

ते खरंच होतं. धनराजनं विचारलं, "मी घरोघर जाऊन कॅलेंडरं माघारी आणू का?"

पण गावकरी कॅलेंडर द्यायला तयार होईनात. पहिल्याच घरची म्हातारी म्हणाली, "मग अमुशा-पुनव कशात बघू? वरसभर दुसरं कोण देनार हाय?" शेवटी पंचशीलानं तोड काढली. फोटो वर, तारखा खाली. वरचा भाग कापून घ्यायचा, तारखा त्यांच्या त्यांना ठेवायच्या. धनराजनं एका शिंप्याकडून कात्री मागून आणली आणि ज्याला कुणाशी बोलायची लाज वाटे, तो माणूस दिवस कलेपर्यंत दारोदार उभा राहून तेच वाक्य म्हणत फिरला: "मी त्या ताईला न विचारता फोटो काढला, माझं चुकलं, तेवढा कापून घेऊ का?" कुणी हसलं, कुणी चार शब्द सुनावले, एकानं खताच्या भेसळीची जुनी तक्रार उकरून काढली. तीही त्यानं मान खाली घालून ऐकून घेतली. चार घरांनी दारातूनच परत पाठवलं. बाकीच्यांनी कापू दिलं.

गंगव्वाच्या घरचं कॅलेंडर त्यानं सगळ्यांत शेवटी कापलं. कापलेला तुकडा बाकीच्यांबरोबर पिशवीत टाकायला निघाला, तर राजूबाईनं हात पुढं केला.

"त्यो हिकडं द्या. माझा हाय. ठिवीन न्हाईतर चुलीत घालीन."

त्यानं दिला. तिनं घडी घातली आणि ती आत गेली. ठेवला की जाळला, हे पंचशीलानं विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर धनराज एकदाच बोलला. "मॅडम, माझं नाव वर्गातून काढून टाकायलाव का?"

"कामून? आजच तर शिकायला लागलाव," पंचशीला म्हणाली. पण हे बोलतानाही तिला हलकं वाटलं नाही. घरी जाऊन तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. पुढच्या रविवारी तिनं झाली हकीकत वर्गाला सांगितली, स्वतः दिलेल्या शाबासकीसकट, काही न वगळता. एक जण म्हणाला, एवढं मनाला लावून घेतलं तर फोटोच निघायचे नाहीत, आणि त्यानं वर्ग सोडला. तिनं त्याला थांबवलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका बारशाचे फोटो काढून परतताना पंचशीला हुमनाबादला उतरली. स्टँडवर राजूबाई पाटी लावून बसली होती. पंचशीला जरा लांबच घुटमळली, तर तिनंच हाक मारली. "अवो मास्तरीणबाई, या की."

पेरू कापून, तिखटमीठ लावून तिनं पुढं केला. सासू बोलायला लागलीय, म्हणाली. पाटी भरायला सकाळी मदतबी करते. दीर अजून तोंड फिरवून जातो. गावातल्या दोघी-तिघी अजून मागून कुजबुजतात, पण आता आधीगत जिवाला लागत नाही.

"कॅमेरा हाय का पिशवीत?" तिनं विचारलं.

"हाय."

"ऱ्हाऊ द्या तितंच," राजूबाई म्हणाली आणि तिनं आपल्या बसायच्या पोत्याची अर्धी बाजू मोकळी केली. बिदरची एक गाडी आली आणि गेली. मग दुसरी आली. पंचशीला तिच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांना कागदात पेरू बांधून देत राहिली.