दोन कार्डांतलं एक

"याला किती मार्क?"

"आठ."

"आणि याला?"

"यालाही आठ दे. चांगलंच आहे की."

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. वडिलांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं स्वतः तयार केलेली कार्डं मांडली होती. त्यांनी यापुढे कुठे राहायचं, याचा एकेक पर्याय एकेका कार्डावर: तिच्या घरी बाल्कनीलगतची खोली (एका कार्डावर तिनं रजा काढून, दुसऱ्यावर दिवसभराची बाई ठेवून), भावाच्या घरी नातवाच्या खोलीत, वृद्धाश्रमात खिडकीजवळची खाट. मागच्या आठवड्यात ते गॅसवर दूध ठेवून झोपी गेले आणि शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायचं नाही, हे बहीणभावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

लोकांची आवडनिवड काढणं हे तिचं पोटापाण्याचं काम. मिक्सर म्हणू नका, साबण म्हणू नका, कशाचाही सर्व्हे असो, किंमत, आकार, रंग यांची निरनिराळी जुळणी केलेली कार्डं घेऊन ती दारोदार फिरायची आणि लोकांना मार्क द्यायला सांगायची. पण माणसं भिडस्त. सगळ्यांनाच आठ देऊन मोकळी व्हायची. म्हणून हल्ली दोन-दोन कार्डं पुढे ठेवून ती एक निवडायला लावायची. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि माणूस काय सोडतो त्यावरून त्याच्या मनातलं कळतं. दोन्ही पद्धती ताडून पाहिल्यावर तिच्या साहेबांना ही दुसरीच पटली होती.

"मार्क राहू द्या बाबा. या दोनातलं एक उचला."

ते उचलत गेले. पाच-सहा जोड्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ज्या कार्डात कुणाची गैरसोय होते, तेवढंच ते बाजूला सारताहेत. नातवाची खोली नको. तिला रजा काढावी लागेल ते नको.

"आमची अडचण कशाला बघताय? तुम्हाला काय हवंय ते सांगा ना!"

वडील हसले. त्यांचा उभा जन्म कापडाच्या दुकानात तागे उलगडण्यात गेला होता.

"आम्हीपण असंच करायचो गं. दोन तागे पुढ्यात टाकायचे. हा देऊ का तो, एवढंच विचारायचं. घ्यायचंय का, हे विचारायचंच नाही."

तिनं टेबलावरच्या कार्डांकडे पाहिलं. कामावर प्रत्येक जोडीबरोबर तिसरं कार्ड असायचं, 'यातलं काहीच नको' असं लिहिलेलं. ते ठेवायला विसरलं तर साहेब आकांडतांडव करत. घरी मात्र तिनं तसं कार्ड मुद्दामच बनवलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर 'इथेच, आपल्या घरी' असं लिहिलं आणि पुढ्यातल्या दोन कार्डांशेजारी ठेवलं. आता त्यांनी हेच उचललं तर भावाला काय सांगायचं, आणि उद्या पुन्हा गॅस चालू राहिला तर?

वडिलांनी चष्मा पुसून ते कार्ड हातात घेतलं. वाचून झालं तरी बराच वेळ त्यांचा अंगठा अक्षरांवरून फिरत राहिला. मग त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि टेबलावरचं तिच्या घराचं कार्ड उचलून तिच्या हातात दिलं.

"तुझ्याकडे सकाळचा चहा किती वाजता होतो?" त्यांनी विचारलं.