आरती वगळा

क्षितिजाचं काम लोकांच्या चुका काढायचं, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. मालाडच्या एका कंपनीत ती दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइट उघडून बघायची आणि माणूस कुठे अडतो, कुठे वैतागतो ते लिहून द्यायची. हिचं लग्न का जमत नाही असं कोणी विचारलं, की तिची आई हेच कारण सांगायची.

२००९ साली त्यांच्या गाववाल्यांच्या मंडळानेही वेबसाइट काढली. मंडळ म्हणजे रत्नागिरीकडच्या एका गावातून मीरा-भाईंदरला येऊन राहिलेली दीडशे कुटुंबं आणि त्यांची दरवर्षीची भांडणं. गणपतीला गावी जायला मंडळ दोन बस सोडायचं. अध्यक्ष हरिश्चंद्रकाका वीस वर्षं त्यांची यादी वहीत लिहीत आले होते. वही सकाळी दहाला उघडायची, पण कमिटीचे सगेसोयरे तिच्यात आदल्या दिवशीच जाऊन बसलेले असायचे. यंदा पोरांनी बोंब मारली, म्हणून बुकिंग नेटवर.

साइट बनवली परागने. सिल्व्हर पार्कात त्याचा सायबर कॅफे होता, आणि हौसेला मोल नसतं. साइट उघडली की स्क्रीनभर गणपती, मागे गरगरणारं चक्र, वरून पडणारी फुलं आणि आरत्या. एक नव्हे, पाच, वर मंत्रपुष्प. एकूण अठरा मिनिटं. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आरती वगळा’ असं बटण. आरत्या संपल्या की मग बुकिंगचा फॉर्म.

“नीट तपासून दे,” काकांनी क्षितिजाला सांगितलं. “आणि चांगलंच लिही.”

रविवारी तिने कॅफेत दोघांना बसवलं. काकांना कॉम्प्युटरवर, आणि आपल्या घराखालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुगंधाकाकीला तिच्याच जुन्या नोकियावर.

काकीला मुद्दाम बोलावलं होतं. तिच्या सासरी चार भाऊ, आणि गणपतीची पाळी दर वर्षी एकाकडे. चार वर्षांपूर्वी काकीची पाळी होती. नवरा बोटीवर, त्यामुळे सगळं तिच्याच गळ्यात. पण वही उघडली त्या दिवशी ती भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी होती, आणि सुटून आली तोवर वही भरली होती. एसट्या बदलत ती गावी पोचली तेव्हा मोठ्या जावेने मूर्ती बसवून आरतीही उरकली होती. “मुंबईकरणीला देवापेक्षा ड्युटी मोठी,” असं ती वाडीभर सांगत सुटली, आणि ते काकीला चार वर्षं पुरलं. यंदा पाळी पुन्हा तिची होती.

“कोणी कोणाला काही सांगायचं नाही,” क्षितिजाने बजावलं. “मी फक्त बघणार.”

आरती सुरू झाली तसे काका उभे राहिले. चपला काढल्या, हात जोडले. अध्यक्ष उभे म्हणून पराग उभा राहिला. शेजारी नोकरीचा अर्ज भरत बसलेला एक परका माणूसही बिचकत उभा राहिला. दुसऱ्या आरतीला काकांनी टाळ्या धरल्या. चौथीला त्यांचे गुडघे बोलू लागले, पण ते बसले नाहीत. मंत्रपुष्पानंतर त्यांनी मॉनिटरला वाकून नमस्कार केला आणि फॉर्मकडे न बघताच विचारलं, “झालं बुकिंग?”

“काका, खाली बटण होतं. दिसलं नाही?”

“दिसलं ना. पण दाबणार कोण? देवाला वगळायचं म्हणजे काय?”

“पराग, तू कधी पूर्ण ऐकलीस?”

परागने मॉनिटर पुसायला घेतला. तो रोज दहादा साइट उघडायचा आणि दहादा तेच बटण दाबायचा.

“माझ्यावर देव दिसतच नाय,” काकी मघापासून सांगायचं म्हणून थांबली होती. “नुसता पांढरा चौकोन आला. त्याच्या खाली नाव विचारलं, तर मी भरून टाकलं. जाऊ आता? कपडे भिजत घातलेत.”

परागचा नाचता गणपती तिच्या मोबाइलला झेपलाच नव्हता. फॉर्म इंग्रजी अक्षरांत होता, पण कारखान्यातल्या खोक्यांवरची लेबलं वाचून वाचून काकीला ती अक्षरं पाठ होती. तिला तीन मिनिटं लागली.

क्षितिजाने कमिटीला एकोणीस मुद्दे लिहून दिले. पहिला होता, आरती काढा, नाहीतर बटण मोठं करा.

“गणपतीच्या गाडीतून गणपतीलाच उतरवायचं?” काका म्हणाले, आणि कमिटी हसली. पहिला मुद्दा तिथेच निकालात निघाला.

“चौदावाही वाचा,” क्षितिजा म्हणाली. “मोबाइलवर आरती दिसत नाही, थेट फॉर्म येतो.”

“मोबाइलवर कोण बुकिंग करतंय?” खजिनदार बबनराव म्हणाले. “ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे ते करतील की.”

“मग तसंच ठेवायचं, एवढं लिहून द्या.”

काकांनी चौदाव्या मुद्द्यापुढे ‘असू दे’ असं लिहून लांबलचक सही ठोकली. क्षितिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ऑफिसात असती तर तिने तोच मुद्दा तीनदा समजावला असता. इथे तिने फाइल मिटली, घरी जाताना खालच्या मजल्यावर काकीचं दार वाजवलं आणि सांगितलं, “शुक्रवारी बरोबर दहाला, मोबाइलवरूनच. आणि आपल्या गाववाल्यांत ज्या कोणाकडे नुसता मोबाइल आहे, त्यांनाही सांगा.”

हा पक्षपात होता, नाही कशाला म्हणा. पण वीस वर्षांच्या वहीपुढे तो चहात बुडवलेल्या बिस्किटाएवढाही नव्हता.

शुक्रवारी दहा वाजता कमिटीच्या घराघरांत माणसं कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभी राहिली. बबनरावांच्या सुनेने माउसकडे हात नेला, तर सासूने तो वरच्या वर धरला. त्याच वेळी कारखान्यात चहाची सुट्टी झाली होती आणि खोक्यांच्या आडोशाला काकी एकेक अक्षर दाबत होती. रिक्षा स्टँडवर, सोसायट्यांच्या गेटवर, इस्त्रीच्या टपरीत गावची माणसं तेच करत होती. दहा वाजून अठरा मिनिटांनी काकांनी मॉनिटरला नमस्कार केला, डोळे उघडले आणि वाचलं की दोन्ही गाड्या भरल्या आहेत.

ते तसेच क्षितिजाच्या दारात आले. “ही फसवणूक आहे.”

क्षितिजाने चौदावा मुद्दा पुढे धरला. काकांनी चष्मा लावून स्वतःची सही पाहिली.

“बटण मोठं असतं तरी मी दाबलं नसतं,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं. पहिल्यांदाच तिला त्यांची दया आली.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी निघायला उभी राहिली. अध्यक्षाला ठेवून कसं जायचं, म्हणून ड्रायव्हरने काकांना शेजारी इंजिनच्या झाकणावर जागा दिली. खाली चटके बसतील म्हणून त्यांनी उशी घेतली होती. पहिल्या रांगेत काकी मखराची पुठ्ठ्याची घडी मांडीवर घेऊन बसली होती आणि कोणालाही हात लावू देत नव्हती. क्षितिजा तिच्या मागे.

नारळ फुटला. काका गाडीत चढून उभे राहिले, घसा खाकरला आणि हात जोडले.

“चला, निघायच्या आधी आरती घेऊ.”

गाडीतला प्रत्येक जण उठला. काकीही उठली, मखर सांभाळत.

“घ्या काका,” ती म्हणाली, “पण एकच. उद्या सकाळी माझ्याकडे गणपती बसायचाय.”

काकांनी एकच घेतली.