दिल्लीपर्यंत पुरलेला श्वास

मी एक जुनी ऑक्सिजनची मशीन आहे. भाकरीच्या डब्याएवढे अंग, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि माणसाच्या नाकापर्यंत जाणारी नळी, एवढाच माझा संसार. भोवतालची हवा मी पोटातल्या पांढऱ्या खड्यांतून गाळते आणि माणसाने श्वास घेतला की 'फुस्स' करून त्याला प्राणवायूचा घोट पाजते. माझे भाग कुठे जोडले गेले ते मला आठवत नाही. मला जाग आली ती गारखेड्यातल्या, अशा वस्तू भाड्याने देणाऱ्या दुकानात. तिथून मुकुंदवाडीच्या मल्हारीबाबांनी मला नेले.

मित्रांनो, बाबा फर्दापूरकडचे, मेंढरांमागे वाढलेले. शहराच्या कडेने धुराडी उभी राहू लागली तेव्हा हातातली काठी ठेवून ते ओतकामाच्या कारखान्यात लागले. वाळूचे साचे करायचे, तापले लोखंड ओतायचे, साचे फोडायचे. ती धूळ तीस वर्षे त्यांच्या छातीत बसत गेली. मी आले तेव्हा अंगण ओलांडतानाही ते दोनदा थांबत.

शेजारच्या साच्यावर सखाराम नावाचे त्यांचे सोबती काम करायचे. तेही याच आजाराने दिल्लीत लेकीकडे अंथरुणाला खिळले होते. "मला एकडाव त्याला भेटायचंय," बाबांनी ध्यास घेतला. आगगाडीच्या लांब प्रवासात माझी बॅटरी पुरली नसती, म्हणून विमान ठरले. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दुसरी बॅटरी भरून सोबत घ्यायला सांगितली आणि बजावले, "बाबा, वर गेल्यावर बोलायचं कमी."

चिकलठाण्याच्या विमानतळावर तपासणीच्या शिपायाने मला उलटसुलट करून पाहिले.

"ये क्या है, चाचा?"

"माझी छाती हाय," बाबा म्हणाले.

शिपायाने मला दोन्ही हातांनी परत दिले.

मग आम्ही वर गेलो. खिडकीबाहेर ढगच ढग होते. बाबा काचेला कपाळ टेकवून बसले. "बाने, येवढी मेंढरं, अन् राखायला कुत्रं बी नाय," ते पुटपुटले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, बानाबाईंनी, हसून त्यांचे उपरणे सारखे केले. खाली गाव नव्हते, रस्ता नव्हता. नुसता पांढरा उजेड, आणि त्यात आम्ही तिघे जणू पिसासारखे तरंगत होतो. उंचावरच्या विरळ हवेत मला जास्त राबावे लागत होते, तरी माझा 'फुस्स' आणि बाबांचा श्वास एका ठेक्यात चालले होते. मला वाटले, असेच कायम जात राहावे.

दिल्लीवर धुके होते. विमान घिरट्या घालू लागले, आणि बाबा बोलू लागले.

"बाने, येक सांगायचंय. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, ते साल. सखारामच्या गावात लोकांनी त्यांचा बौद्धवाडा पेटवला. भर दुपारी तो गीताबाईला अन् तान्ह्या लेकराला घेऊन आपल्या खोलीवर आला. दोन दिस ठेव म्हनला. मला गल्लीचं भ्या वाटलं. जमायचं नाय म्हनलो." दर दोन शब्दांनी ते थांबत होते. "सोळा वर्सांनी नाव बदललं. त्यानं कारखान्यात पेढे वाटले. मलाबी दिला. मी खाल्ला, पर तोंडातून शबूद फुटला नाय."

बॅटरी संपत आल्याचा माझा लाल दिवा लागला.

"मला ठावं हाय," बानाबाई म्हणाल्या. "तुमी निस्तं बोललात. कडी मी लावली व्हती. दाराच्या फटीतनं गीताबाईचे पाय दिसत व्हते. अनवाणी."

एवढ्यात मी बंद पडले. बाबांचा हात छातीवर गेला. बानाबाईंनी जुनी बॅटरी ओढून काढली आणि नवी सरकवली. माझा पुढचा 'फुस्स' निघाला तेव्हा दोघांचेही डोळे भरले होते.

सखारामबाबांच्या घरी पोचलो तेव्हा ती बॅटरीही संपत आली होती. त्यांच्या खाटेजवळ मोठी मशीन घुरघुरत होती. बाबांनी हात जोडले. "सख्या, त्या दिशी..."

"दम खा आधी," सखारामबाबा म्हणाले.

बोलल्या त्या त्यांच्या बायको, गीताबाई. "मी इसरले नाय, भाऊ. इसरनारबी नाय. लेक तापानं फणफणली व्हती, अन् आमी ऊन तुडवत निघालो."

"कडी मी लावली व्हती, बाई," बानाबाई म्हणाल्या.

गीताबाई बानाबाईंकडे वळल्या. "हे सांगायला आजवर कुनी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझी वायर उचलली आणि सखारामबाबांच्या मशीनशेजारच्या सॉकेटमध्ये मला जोडले.

पुढचे चार दिवस आम्ही दोघी मशिनी शेजारीशेजारी चाललो.  खिडकीतून येणाऱ्या उन्हात सखारामबाबा खाटेवर टेकून आणि मल्हारीबाबा शेजारी खुर्चीवर बसत, आणि त्यांचे श्वास कधी कधी बरोबरीने पडत.

वर्षभराने मल्हारीबाबा गेले आणि मी दुकानात परतले. साथीच्या दिवसांत मी घरोघर फिरले, माणसांनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. आता मी दुकानाच्या कपाटात आहे आणि माझ्या जाळीवर धुळीचा थर बसला आहे.

मित्रांनो, भट्टीपाशी, वाळूत राबणाऱ्या माणसाच्या नाकावर चांगला मास्क असू द्या, म्हणजे त्याला माझी गरजच पडणार नाही. आणि कुणाला पडलीच, तर माझी जाळी धुवा, बॅटरी भरा. मी अजून चालते.